चुकीसाठी राखलेली जागा

बँकेच्या जुन्या लेजरमध्ये प्रत्येक पानाच्या उजव्या कडेला एक अरुंद रकाना असे. तारीख, तपशील, नावे, जमा, शिल्लक हे सगळे रकाने कारकुनाने भरायचे. हा शेवटचा मात्र अधिकाऱ्याच्या छोट्या सहीसाठी राखलेला. १९८३ साली मी पिंपरीतल्या एका शाखेत कारकून म्हणून लागले, तेव्हा मला तो रकाना म्हणजे कागदाची उधळपट्टी वाटे. कारखान्यांचे पगार झाले की काउंटरवर निळ्या-खाकी गणवेशांची रांग लागायची आणि मान वर करायलाही सवड नसायची.

अशाच एका गर्दीच्या दिवशी मी एका कामगाराच्या खात्यात ५४० ऐवजी ४५० लिहिले. चूक लगेच लक्षात आली. नवी नोकरी, त्यात बोलणी खाण्याची भीती. मी ब्लेडने तो आकडा हलकेच खरवडला आणि त्याच जागी नीटनेटका ५४० लिहिला. संध्याकाळी आमच्या अधिकाऱ्यांनी ते पान उचलून दिव्यासमोर धरले. खरवडलेल्या जागी कागद पातळ झाला होता. तेवढ्यातून उजेड आला. ते रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, चूक माणसाकडूनच होते. एक आडवी रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. खालचा चुकलेला आकडा वाचता आला पाहिजे. तुम्ही तो खरवडलात, म्हणजे आता हे सगळं पानच संशयाचं झालं."

सदतीस-अडतीस वर्षे नोकरी करून मी निवृत्त झाले. मधल्या काळात कादंबऱ्याही लिहिल्या. त्या कादंबऱ्यांची एक वेबसाइट असावी असे मुलाच्या मनात आले आणि त्यासाठी कोणीतरी सांगितलेला खर्च ऐकून माझ्यातली बँकवाली जागी झाली. चिंचवडच्या एका महाविद्यालयात संध्याकाळचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम होता: वेब डिझाइन आणि ऑनलाइन पत्रकारिता. वयाची अट नव्हती. मी फी भरली. वर्गातली मुले माझ्या मुलापेक्षाही लहान. शिकवणारे सर तिशीतले. ते मला 'मॅडम' म्हणत आणि मुले 'काकू'.

शिकताना मजा आली, हे कबूल केले पाहिजे. आपण पडद्यावर जे देखणे पान पाहतो त्याच्यामागे साध्या मजकुराला लावलेल्या खुणा असतात: हा मथळा, हा परिच्छेद, हे चित्र. या खुणांच्या भाषेला एचटीएमएल म्हणतात. जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वेबची कल्पना मांडली, १९९१ मध्ये पहिली वेबसाइट सर्वांसाठी खुली झाली आणि १९९३ मध्ये सर्नने हे तंत्र जगाला विनामूल्य देऊन टाकले. पानाच्या सुरुवातीला ते मराठी असल्याची खूण करता येते आणि फॉन्टमध्ये तशी सोय असेल तर आपले 'ल' आणि 'श' हिंदी वळणाने न उमटता मराठी वळणाने उमटतात, हे कळले तेव्हा मला नवी सही करायला शिकल्यासारखा आनंद झाला.

पत्रकारितेच्या तासाला एकदा सर म्हणाले, "ऑनलाइन बातमीचा मोठा फायदा म्हणजे चूक झाली तर दुसऱ्या दिवसाच्या अंकाची वाट पाहावी लागत नाही. मिनिटात बदलता येते." सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्या शेजारी बसणारी मुलगी तेवढी म्हणाली, "सर, तोच तर त्रास आहे."

मग तिने घरची हकिगत सांगितली. हे कुटुंब लातूरकडचे, आता मोशीला राहणारे. वडील चाकणच्या औद्योगिक वसाहतीत सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार. कामावर जाताना मोबाईल गेटवर जमा करावा लागतो. एके दिवशी दुपारी आईच्या फोनवर एका स्थानिक पोर्टलची बातमी आली: कारखान्यात स्फोट, तीन कामगार ठार. नाव वडिलांच्याच कारखान्याचे. आईने घर उघडे टाकले आणि मिळेल त्या वाहनाने नाशिक रस्त्याने चाकणकडे निघाली. त्या रस्त्यावरची वाहतूक कोंडी ज्यांनी भोगली आहे, त्यांना त्या बाईचा तो प्रवास वेगळा सांगायला नको. गेटवर कोणी दाद देईना. पहिली पाळी सुटल्यावर वडील डबा हलवत बाहेर आले. अपघात झाला होता, पण शेजारच्या शेडमध्ये. तीन जण जखमी होते. ठार कोणीच नव्हते.

घरी येऊन मुलीने बातमी पुन्हा उघडली. पत्ता तोच, छायाचित्र तेच, वर छापलेली वेळही तीच. मजकूर मात्र बदललेला: शेजारच्या कारखान्याचे नाव आणि 'तीन कामगार जखमी'. आधी काही वेगळे लिहिले होते याचा मागमूस नाही. "आई सातवी शिकलीय," ती म्हणाली, "तिला वाटलं, आपणच चुकीचं वाचलं. अजून एखादी बातमी आली की मला दाखवते आणि विचारते, नीट वाचलंय ना मी?"

वर्ग गप्प झाला. मला मात्र ते दिव्यासमोर धरलेले पान आठवले. संगणकाचा पडदा असा उजेडासमोर धरता येत नाही. तिथे खरवडलेली जागा पातळ होत नाही. चूक लिहिणारा स्वच्छ राहतो आणि ती जाऊन बसते वाचणाऱ्याच्या माथी. चूक होणे हा काही मोठा गुन्हा नव्हे. घाईत, अपुऱ्या माहितीवर काम करणाऱ्या वार्ताहराची ती व्हायचीच. पण ती गुपचूप पुसणे म्हणजे वाचकाला खोटे पाडणे.

यात संगणकाचा दोष आहे का? बँकेत काढलेल्या आयुष्यावरून सांगते, मुळीच नाही. आमची लेजरे गेली, संगणक आले. पण चुकीची नोंद तिथेही पुसली जात नाही. तिच्या उलट दुसरी नोंद करावी लागते आणि दोन्ही नोंदी तुमच्या पासबुकात दिसतात. एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने मंजूर करायची, हा नियमही संगणकात उतरला. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. तिथे कोणत्याही लेखाचा 'इतिहास' उघडून कोणता बदल केव्हा झाला ते कोणालाही पाहता येते. एवढेच काय, एचटीएमएलमध्येही १९९७ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून दोन खुणा आहेत: 'डेल' आणि 'इन्स'. पहिली खूण लावली की वगळलेल्या शब्दांवर आडवी रेघ येते. दुसरीने नव्याने घातलेले शब्द अधोरेखित होतात. बदल केव्हा केला ती वेळही खुणेत नोंदवता येते. सरांनी फळ्यावर हे दाखवले तेव्हा मी उभीच राहिले. आमच्या अधिकाऱ्यांनी शिकवलेली आडवी रेघ आणि तारीख तिथे होती. फक्त सही आपण करायची राहिली होती.

छापील जगाने ही शिस्त फार पूर्वी अंगी बाणवली. १८६७ च्या कायद्याने छापील कागदावर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव घालणे बंधनकारक केले. जुन्या मराठी ग्रंथांच्या शेवटी शुद्धिपत्र असे आणि कसलाही संकोच न करता 'अशुद्ध' व 'शुद्ध' असे दोन रकाने छापलेले असत. शुद्धिपत्र आहे म्हणून ग्रंथ टाकाऊ, असे आपल्या आजोबांना कधी वाटले नाही.

आक्षेप मला ठाऊक आहेत. वर्गात ते मुलांनीच घेतले. प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घाची नोंद ठेवली तर पान वाचवेल का? नाही वाचवणार, आणि त्याची गरजही नाही. पण नाव, आकडा, मृत्यू, आरोप यांत बदल झाला तर तो सांगितलाच पाहिजे. दुसरा आक्षेप अधिक विचार करायला लावणारा: 'ठार' हा शब्द रेघ मारून तिथेच ठेवला तर त्या घरच्या माणसांना तो पुन्हा पुन्हा टोचणार नाही का? हे खरे आहे. अशा वेळी तो शब्द मजकुरातून काढावा. पण आधीच्या बातमीत मृतांविषयी आणि कारखान्याविषयी चुकीची माहिती होती, ती अमुक वेळी दुरुस्त केली, एवढे एक वाक्य वरच्या बाजूला हवे. तिसरा आक्षेप धंद्याचा: चुका कबूल केल्या तर वाचक विश्वास ठेवील का? बँकेतला माझा अनुभव असा की, ज्या लेजरमध्ये एकही दुरुस्ती नसे, तपासनीस तेच आधी उघडत.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की, हा प्रश्न फक्त बातमी लिहिणाऱ्याचा नाही, पान आखणाऱ्याचाही आहे. लेजरमध्ये सहीचा रकाना छापलेलाच होता, म्हणून सही व्हायची. बातमीच्या पानाच्या आराखड्यात दुरुस्तीला जागाच ठेवली नसेल, तर प्रामाणिक वार्ताहरही ती लिहिणार कुठे? जाहिरातीसाठी चार चौकटी राखणाऱ्या पानाला दुरुस्तीसाठी एक ओळ जड होऊ नये. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात पाळीवर गेलेल्या माणसाची खबर घरच्यांना फोनच्या पडद्यावरच कळते. या पट्ट्यातल्या महाविद्यालयांनी वेब डिझाइन शिकवताना रंगसंगतीला गुण द्यावेत, तसे या एका ओळीलाही द्यावेत.

अभ्यासक्रमाच्या शेवटी प्रत्येकाने एक छोटी वेबसाइट करायची होती. माझ्या शेजारणीने मोशी ते चाकण या रस्त्यावर रोज जा-ये करणाऱ्यांची माहिती गोळा केली. एका बसची वेळ तिने चुकीची टाकली होती. तिच्या वडिलांनीच ती दाखवून दिली. तिने वेळ बदलली आणि पानाच्या वर, तिनेच आखलेल्या चौकटीत, काय चुकले होते, केव्हा सुधारले आणि कोणी सुधारले ते लिहून खाली आपले नाव घातले.

मग तिने ते पान आईला वाचायला दिले. आईने सावकाश, बोट फिरवत चौकट वाचली आणि म्हणाली, "म्हणजे आधी चुकलं होतं ते तुझं, माझं नाही."