परक्या गजाचें अंथरूण

'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण आपण मुलांना लहानपणींच शिकवितों. परंतु अंथरूणच रात्रींतून आखडलें तर काय करावें, हें कोणी शिकवीत नाहीं. इंग्लंडांतील लेकर एअरवेज या विमानकंपनीची कथा या दृष्टीनें मननीय आहे.

फ्रेडी लेकर यांनीं १९६६ सालीं ही कंपनी काढली, ती दोन जुन्या ब्रिटानिया विमानांवर. सहलीच्या मंडळ्यांना अख्खें विमान भाड्यानें द्यावें, हा तिचा माफक व्यवसाय. पुढें लेकर यांच्या मनानें घेतलें कीं, आगगाडीप्रमाणें त्याच दिवशीं तिकीट काढून सामान्य मनुष्यासही अटलांटिक महासागर ओलांडतां यावा. सरकारनें वाट अडविली. त्यांनीं न्यायालयांत सरकारला हरविलें. २६ सप्टेंबर १९७७ रोजीं त्यांची 'स्कायट्रेन' लंडनहून न्यूयॉर्कला निघाली. एका खेपेचें भाडें अवघें ५९ पौंड! पुढच्याच वर्षीं त्यांना 'सर' ही पदवी मिळाली.

यशानें हुरूप चढला, आणि नव्या मोठ्या विमानांसाठीं त्यांनीं कर्ज काढलें. तें होतें डॉलरांत. उत्पन्न मात्र बव्हंशीं पौंडांत. येथेंच मेख होती. १९८० च्या अखेरीस एका पौंडास सुमारें २.४० डॉलर मिळत. पुढील उन्हाळ्यांत ते १.८० च्या आसपास आले. म्हणजे २४० डॉलर फेडण्यास जेथें १०० पौंड पुरत, तेथें १३३ लागूं लागले. कर्जांत एका डॉलरचीही भर न पडतां ओझें तृतीयांशानें वाढलें! त्यांतच मंदी आली, आणि बड्या कंपन्यांनींही आपलीं भाडीं उतरविलीं. ५ फेब्रुवारी १९८२ रोजीं कंपनी बुडाली. देणें सुमारें २७ कोटी पौंड होतें. सामान्य लोकांनीं लेकर यांच्यासाठीं पदरचे पैसे पाठविले, पण ते कोठवर पुरणार?

लेकर यांस अविचारी म्हणून निकालांत काढणें सोपें आहे, न्याय्य नाहीं. त्यांनीं अंथरूण पाहिलें होतें. मात्र ज्या गजानें तें मोजलें, तो परक्याच्या हातीं होता.

गेल्या आठवड्यांत धाकट्या बंधूंच्या मुलानें अमेरिकेंतील शिक्षणाच्या खर्चाचा कागद माझ्यापुढें ठेविला. शुल्क डॉलरांत, बेरीज आजच्या भावानें रुपयांत, आणि तारण राहतें घर. 'जाऊं नकोस' असें मीं म्हटलें नाहीं. डॉलर तृतीयांशानें महागला तर काय, एवढा एक रकाना वाढविण्यास सांगितलें. तो रकाना अजून कोराच आहे.