पाण्याने आखलेला रस्ता

ॲडलेडहून ऑस्ट्रेलियाच्या मध्याकडे निघालेले बहुतेक पर्यटक स्टुअर्ट हायवेचा डांबरी रस्ता धरतात. उलुरूच्या लाल खडकापाशी कधी एकदा पोचतो असं त्यांना झालेलं असतं. उलुरू पाहायलाच हवा, त्यात वाद नाही. पण हाताशी सवड असेल तर फ्लिंडर्सच्या डोंगररांगांवरून मारी गाठा आणि तिथून उडनडाटा ट्रॅकला लागा, असं मी कुणालाही आग्रहाने सांगेन. मारी ते मार्ला ही सुमारे ६२० किलोमीटरची कच्ची वाट आहे. कुठला टप्पा चालू, कुठला बंद, हे सुरुवातीलाच मोठ्या पाटीवर लिहिलेलं असतं. पाऊस झाला की नुसता चिखल होतो, आणि बंद रस्त्यावर गाडी घातली तर जबर दंड बसतो.

या मुलखात वर्षाला दीडशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. डावी-उजवीकडे दगडगोट्यांचं सपाट माळरान, मध्येच काटी थंडा-लेक एअर या खाऱ्या सरोवराची पांढरी कड. हे सरोवर समुद्रसपाटीच्याही खाली, साधारण १५ मीटरवर आहे. ‘इथे काहीच नाही’ असं गाडीत कुणीतरी म्हणतंच. मग ‘बबलर’ येतो.

माळावर एक बुटका उंचवटा, वर लाकडी पायवाट आणि पुढ्यात स्वच्छ पाण्याचं लहानसं कुंड. तळाशी राखाडी वाळू सतत हलत असते. थोडा वेळ काही होत नाही, मग पिठलं रटरटावं तसा वाळूचा एक मोठा फुगा तळातून वर येतो, पसरतो आणि विरतो. कुंडातून निघालेला ओहळ उतारावर लव्हाळं पोसतो आणि पुढे मातीत जिरून जातो. हे पाणी लाखो वर्षांपूर्वी दूर पूर्वेच्या डोंगरांत पावसाच्या रूपाने पडलेलं. वालुकाश्माच्या थरांतून झिरपत, दाबाखाली सरकत ते इथे वर येतं. ग्रेट आर्टेशियन बेसिन नावाचा हा भूजलसाठा सतरा लाख चौरस किलोमीटरवर, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या पंचमांशाहून जास्त भूभागाखाली पसरलेला आहे.

असे झरे एका ओळीत आहेत, म्हणून इथे वाट आहे. अरबाना लोक हजारो वर्षं या झऱ्यांच्या आधाराने फिरले. १८५९ मध्ये शोधप्रवासी जॉन मॅकडूअल स्टुअर्ट याच झऱ्यांवरून पुढे सरकला. १८७२ मध्ये पूर्ण झालेल्या तारायंत्राच्या लाइनीने तोच माग धरला, आणि वाफेच्या इंजिनाला पाणी लागतं म्हणून रेल्वेही त्याच मागाने गेली. १८८४ मध्ये मारी, १८९१ मध्ये उडनडाटा. १९८० मध्ये नवा लोहमार्ग पश्चिमेला हलवला आणि इथली स्टेशनं ओस पडली. दगडी भिंती आणि गंजलेल्या पाण्याच्या टाक्या अजून उभ्या आहेत.

रूळ पोचले नव्हते तिथवर सामान उंटांनी वाहिलं. हे उंट आणि त्यांचे उंटवाले बऱ्याच अंशी कराचीहून जहाजाने आले, आणि कराची तेव्हा आपल्याच मुंबई इलाख्यात होती. बलुच, पठाण, पंजाबी, सिंधी अशा सगळ्यांनाच तिथे सरसकट ‘अफगाण’ म्हटलं गेलं. मारीत रुळांच्या एका बाजूला गोरे राहत, दुसऱ्या बाजूला उंटवाले आणि आदिवासी. मातीच्या भिंतींच्या त्यांच्या मशिदीची प्रतिकृती गावात आहे, तिच्यापाशी थांबल्याशिवाय पुढे जाऊ नका. ज्यांच्या उंटांवरून तारेचं सामान गेलं, त्यांना १९०३ च्या कायद्याने नागरिकत्व नाकारलं. मोटारी आल्यावर १९२५ मध्ये मोकाट उंट मारायचा कायदाही झाला. अनेक मालकांना जनावरं मारवेनात, त्यांनी ती वाळवंटात सोडून दिली. आज तिथे रानटी उंटांचे कळप दिसतात ते त्यांचेच वंशज. त्या प्रवासात मला सर्वांत जास्त भिडलं ते हेच.

विल्यम क्रीकला पेट्रोल भरून घ्या. जेमतेम डझनभर वस्तीचं हे गाव ॲना क्रीक या जगातल्या सर्वांत मोठ्या गुरांच्या रँचने वेढलेलं आहे. इथून कूबर पीडीच्या ओपल खाणींकडे फाटा फुटतो. उकाड्यापासून वाचायला जमिनीखाली घरं कोरणारं ते गाव सगळे पाहतातच, त्यावर वेगळं लिहायला नको.

झऱ्यांचं मात्र लिहायला हवं. शतकभर गुरांसाठी खोदलेल्या बोअरचं पाणी उघड्या चरांतून रात्रंदिवस वाहू दिलं गेलं. जमिनीखालचा दाब घटला आणि कित्येक झरे आटले. अलीकडे शेकडो बोअरना तोट्या बसवल्यामुळे काही ठिकाणी दाब पुन्हा वाढतो आहे. तरीही ऑलिंपिक डॅमची तांबं-युरेनियमची खाण याच साठ्यातून उपसा करते, आणि त्याची झळ झऱ्यांना बसते असं अरबाना लोक जाहीरपणे सांगत आले आहेत. बबलरच्या काठावर उभं राहिल्यावर मला त्यांचीच बाजू पटली.