विश्लेषण : सर्जन शेकडो किलोमीटरवर, रुग्ण टेबलावर! दूरस्थ रोबोटिक शस्त्रक्रिया टोकावड्याच्या उपयोगाची कधी?

कल्याणहून माळशेज घाटाकडे जाताना मुरबाडच्या पुढे टोकावडे लागते. आसपासच्या वाड्यापाड्यांना येथील ग्रामीण रुग्णालयाचा आधार आहे. मात्र मोठी शस्त्रक्रिया म्हटली की उल्हासनगर, कळवा किंवा थेट मुंबई गाठावी लागते. दुसरीकडे, सर्जन एका शहरात आणि रुग्ण दुसऱ्या शहरात असताना शस्त्रक्रिया होऊ लागल्या आहेत. हे तंत्रज्ञान ग्रामीण रुग्णांचा प्रवास वाचवेल का?

हे तंत्र कसे चालते?

रोबो स्वतःच्या मनाने शस्त्रक्रिया करत नाही. सर्जन कन्सोलवर बसून हातांनी आणि पायांनी नियंत्रणे हलवतो. रुग्णाच्या पोटावरील छोट्या छिद्रांतून आत गेलेले यांत्रिक हात त्याच हालचाली करतात. सर्जनचा हात थोडा जास्त हलला तरी उपकरण अगदी बारीक हलते आणि हाताचा कंप गाळला जातो. कॅमेरा आतील दृश्य मोठे करून त्रिमितीत दाखवतो. एरवी कन्सोल शस्त्रक्रियागृहातच असतो; दूरस्थ शस्त्रक्रियेत तो दुसऱ्या गावात असतो आणि दोन्ही टोके वेगवान नेटवर्कने जोडलेली असतात.

आजवर काय घडले?

७ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या डॉ. जाक मारेस्को यांच्या पथकाने फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथील महिलेचे पित्ताशय काढले. ‘ऑपरेशन लिंडबर्ग’ या नावाने ही शस्त्रक्रिया ओळखली जाते. डिसेंबर २०१८ मध्ये डॉ. तेजस पटेल यांनी गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरातून सुमारे ३२ किलोमीटरवरील अहमदाबादच्या रुग्णालयातील रुग्णांच्या हृदयवाहिन्यांत रोबोच्या साह्याने स्टेंट बसवले. २०२५ मध्ये मुंबईच्या कोकिलाबेन अंबानी रुग्णालयातील रुग्णांवर डॉ. टी. बी. युवराज यांनी शांघायमधून मूत्रविकाराच्या शस्त्रक्रिया केल्या.

अडचण अंतराची की नेटवर्कची?

सर्जनने हात हलवला आणि ती हालचाल पडद्यावर उशिरा दिसली, तर चुकीच्या ठिकाणी छेद जाऊ शकतो. २००१ च्या शस्त्रक्रियेत हा विलंब सुमारे १५५ मिलिसेकंद होता. साधारण २०० मिलिसेकंदांपर्यंत सर्जन जुळवून घेतो; त्यापुढे काम अवघड होत जाते. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो. म्हणजे मुंबई-टोकावडे हे अंतर तांत्रिकदृष्ट्या नगण्य ठरते. खरा प्रश्न जोडणी न तुटण्याचा आहे. पावसाळ्यात वीज गेली, रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली, तर पुढे काय? यासाठी पर्यायी लाइन, अखंड वीज आणि तातडीने सूत्रे हाती घेणारा सर्जन रुग्णाजवळ असावाच लागतो.

मग टोकावड्याला फायदा काय?

येथेच या तंत्राची मर्यादा दिसते. रुग्णाजवळ भूलतज्ज्ञ, प्रशिक्षित परिचारिका, रक्ताची सोय आणि शस्त्रक्रियेनंतरची देखभाल हवीच. रोबोची किंमत कोटींमध्ये, शिवाय उपकरणे आणि देखभालीचा खर्च वेगळा. जिथे सिझेरियनसाठी भूलतज्ज्ञ मिळवतानाही ओढाताण होते, अशा ग्रामीण रुग्णालयात रोबो ठेवून रुग्णाला काहीच मिळणार नाही.

म्हणून पहिला टप्पा जिल्हा पातळीचा असायला हवा. ठाण्यासारख्या ठिकाणच्या सरकारी रुग्णालयात भूलतज्ज्ञ आणि सर्जन आहेत, पण एखाद्या दुर्मीळ शस्त्रक्रियेचा निष्णात डॉक्टर नाही. तिथे मुंबईतील तज्ज्ञ कन्सोलवरून मदत करू शकतो, स्थानिक डॉक्टरांना शिकवूही शकतो. टोकावड्यासाठी सध्या उपयोगाचा आहे तो दूरस्थ सल्ला. ‘ई-संजीवनी’ची सरकारी सेवा त्यासाठीच आहे. कोणाला पुढे पाठवायचे आणि कोणावर इथेच उपचार करायचे, हे तज्ज्ञाने वेळेत सांगितले तर अनेकांची एक खेप वाचेल.

नियमांचे काय?

मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक सूचनांनी दूरस्थ शस्त्रक्रिया आपल्या कक्षेबाहेर ठेवली होती. काही बिघडले तर जबाबदार कोण, कन्सोलवरील डॉक्टर, रुग्णाजवळचे पथक, यंत्राची कंपनी की नेटवर्क पुरवणारा? रुग्णाच्या संमतिपत्रात हे स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे.

तंत्रज्ञानाचे स्वागत करावेच. पण भूलतज्ज्ञाची रिक्त जागा रोबो भरत नाही. सरकारने आधी ती जागा भरावी. त्यानंतर आणलेला रोबो गरिबाच्याही कामाचा ठरेल.