फाल्गुनातील माळ

वसंत म्हटला की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे हिरवीगार उपवने आणि झुळझुळणारे झरे उभे राहतात. हे चित्र बहुधा पुस्तकांतून आलेले असते. बुलढाणा जिल्ह्यातील दुसरबीडच्या परिसरात फाल्गुन महिन्यात पाहावे, तर पिवळ्या गवताने झाकलेले माळ, काळे खडक आणि निष्पर्ण झाडे दिसतात. साहजिकच तेथील मुलांना आपल्याकडे वसंत फिरकतच नाही असे वाटते. शाळांच्या सहली दूरच्या लेण्यांना जातात आणि गावची टेकडी शेळ्यामेंढ्यांपुरती उरते. हा त्या टेकडीवर अन्याय आहे.

एखाद्या निरभ्र सकाळी, हरभरा सोंगून मोकळ्या झालेल्या शेतांतून त्या टेकडीकडे निघावे. (पाणी व टोपी बरोबर हवीच, विदर्भातील ऊन फाल्गुनातही दयामाया जाणत नाही.) पायाखालचा काळा खडक म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूगर्भातून वर आलेला व थिजलेला लाव्हारस होय. त्यावर मातीचा थर कोठे कोठे वीतभरही नसतो. अशा जागी वाढणाऱ्या झाडास काटकसर करावीच लागते. पानांवाटे पाणी उडून जाते, म्हणून जमीन सुकू लागताच पळस पाने टाकून देतो. मग त्याच उघड्या फांद्या केशरी फुलांनी पेटल्यासारख्या दिसतात. आड येण्यास पाने नसल्यामुळे ती फुले दुरूनही पक्ष्यांच्या नजरेत भरतात. साळुंक्या आणि शिंजीर मधासाठी चोच बुडवितात व जाताना पराग घेऊन जातात. लोक ज्यास उजाडपणा म्हणतात, ती त्या झाडाची वसंतासाठी केलेली सिद्धता असते.

कुसळी गवताला तर वाटसरू शिव्याच देतो. त्याचे बी अणकुचीदार असते व त्यास लांब शेपूट असते. हे शेपूट वाळले की पीळ घेते, ओले झाले की पीळ सोडते. असे होता होता बी गिरमिटाप्रमाणे मातीत शिरते. नांगर नाही, पाभर नाही, तरी पेरणी होते!

अशा माळाला काही लोक याच दिवसांत काडी लावतात. जाळल्याने गवत जोमाने फुटते, असे ते म्हणतात. मुळे जिवंत राहिली तर कोंब फुटतात, हे खरे आहे. परंतु जमिनीवर घरटी करणाऱ्या टिटवीचे व चंडोलाचे काय? कोवळी रोपे करपतात आणि उघडी पडलेली माती पहिल्या सरींबरोबर ओढ्याला जाते. चार दिवसांच्या कोवळ्या चाऱ्यासाठी हा सौदा फार महाग आहे.

हानी केवळ गावाचीच होते असेही नाही. २०१९ च्या जून महिन्यात यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ निघाला. सुमारे १३०० किलोमीटर चालून तो डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या गळ्यातील पट्ट्यामुळे ही वाटचाल कळली. दिवसा लपावे व रात्री चालावे, असा त्याचा क्रम होता. लपण्यास झाडोराच नसता तर तो येथवर कसा आला असता?

टेकडीवरून परतलेली मुले दाराशी बसून कपड्यांतील कुसळे वेचून टाकतात. त्यांतील काही तेथेच, उंबऱ्याजवळच्या मातीत, पहिल्या पावसाची वाट पाहत पडून राहतात.