माडग्याळ मेंढीचा रेफरन्स कुठे शोधायचा?

नवा चित्रकार आज रेफरन्ससाठी आधी मोबाईल उघडतो: पिंटरेस्ट, गूगल इमेजेस आणि आता एआय. पण जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी काढायची असेल तर? उंच पाय, लांब कान, पोपटासारखं बाकदार नाक, पांढऱ्या अंगावर तपकिरी चट्टे. इंग्रजीत नुसतं 'शीप' टाकलं की समोर येते ती गुबगुबीत लोकरीची परदेशी मेंढी.

असं का? २०२२ मध्ये आलेलं स्टेबल डिफ्यूजन 'लायन-५बी' या डेटासंचाच्या काही भागांवर शिकलं. त्या संचात चित्र आणि मजकुराच्या सुमारे ५८५ कोटी जोड्या होत्या. त्यातल्या सुमारे २३२ कोटी इंग्रजी, आणि शिकवणीत भर त्यांच्यावरच होता. मॉडेल जे जास्त वेळा बघतं, त्यालाच 'मेंढी' समजतं.

मला धोका वेगळाच वाटतो. चित्र इतकं सुबक असतं की चूक कळतच नाही. उद्या तेच सर्चमध्ये रेफरन्स म्हणून परत येतं.

म्हणून जातीचं नाव मराठीत टाकून शोधा, मेंढपाळांचे व्हिडिओ थांबवून बघा आणि जमेल तेव्हा कळपाजवळ जाऊन स्वतः फोटो काढा. जतच्या चित्रकाराला हा रेफरन्स दारातच मिळतो. तो वापरायलाच हवा.