खोली कुणासाठी?

सहलीतली खोली आपण मुलांच्या डोळ्यांनी निवडतो. आजीच्या गुडघ्यांना कुणी विचारीत नाही. फ्लोरिडातील ‘वॉल्ट डिस्ने वर्ल्ड’ला जायचे ठरले, तेव्हा आमच्याकडे मुलांनी भिंतीवर चित्रे असलेल्या खोलीचा हट्ट धरला. आई एवढेच म्हणाली, “मला कशाला नेता? तुमचा खोळंबा व्हायचा.”

मी नकाशा पुढे ओढला. १९७१ साली उद्यानाबरोबरच उघडलेले ‘कंटेम्पररी’ हॉटेल ‘मॅजिक किंगडम’च्या इतके जवळ आहे, की तेथून पायी जाता येते. एका रुळावरून धावणारी मोनोरेल तर त्याच्या मुख्य इमारतीतूनच जाते. भाडे अर्थातच चढे! दूरची हॉटेले स्वस्त खरी. पण त्यांतली काही इतकी ऐसपैस, की खोलीपासून बसथांब्यापर्यंतच एक यात्रा घडावी.

आम्ही मुक्कामाचे दोन दिवस कमी केले आणि जवळची खोली घेतली. न्हाणीघरात टबाची कड ओलांडावी लागू नये, धरायला दांडी असावी, हेही आरक्षणाच्या वेळीच सांगितले. अशा खोल्या असतात. पण मोजक्याच, म्हणून आधी मागाव्या लागतात. लिफ्टजवळची खोली मिळावी, अशी विनंतीही केली.

वाचकहो, हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हे. खोली जवळ असली, की दमलेली आई दुपारी आपली आपण येऊन पडते आणि संध्याकाळी आतषबाजीला पुन्हा ताजीतवानी होऊन येते. तिच्यासाठी कुणाला खेळ सोडावा लागत नाही, आणि मुख्य म्हणजे, तसे तिला वाटत नाही. वाढीव भाडे आपण मोजतो ते यासाठीच.