दोन्ही पूल पास, जोड नापास: सॉफ्टवेअरच्या टेस्टिंग रिपोर्टबद्दल थोडं

२६ फेब्रुवारी २०२४ ला गोखले पुलाची एक बाजू सुरू झाली तेव्हा सगळ्या अंधेरीने एक गोष्ट पाहिली. नवा पूल ठीक, शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूलही ठीक, पण दोघं एकमेकांना भेटतच नव्हते. मध्ये दीड-दोन मीटरचा फरक! रेल्वेच्या नव्या निकषांमुळे रुळांवरची उंची वाढवावी लागली, असं महापालिकेचं म्हणणं होतं. मग व्हीजेटीआयचा सल्ला घेतला, बर्फीवाला पूल जॅक लावून एका बाजूला १३९७ मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला ६५० मिलिमीटर उचलला, आणि जुलै २०२४ मध्ये जोड सुरू झाला. मीम्स झाले, हसून झालं.

पण मंडळी, हेच सॉफ्टवेअरमध्ये रोज घडतं. फरक एवढाच की तिथे खालून जाणाऱ्या रिक्षावाल्याला फट दिसत नाही. सीप्झ, एमआयडीसी, मरोळला काम करणाऱ्यांना हे माहीत आहे. बाकीच्यांनाही माहीत असायला हवं, कारण फी, दाखले, निकाल, टॅक्स, सगळं आता याच सॉफ्टवेअरवर चालतं आणि बरंचसं आपल्याच पैशातून बनतं.

आधी शब्द समजून घेऊ. कोड कव्हरेज म्हणजे टेस्ट चालवल्या तेव्हा कोडच्या किती ओळी प्रत्यक्ष चालल्या, त्याची टक्केवारी. मोठं सॉफ्टवेअर एका गठ्ठ्यात नसतं, त्याचे भाग असतात. त्यांना मॉड्यूल म्हणतात. लॉगिनचं वेगळं, फॉर्मचं वेगळं, पैसे भरण्याचं वेगळं. हे सगळं एकत्र बांधायच्या प्रक्रियेला बिल्ड म्हणतात. जावामध्ये बांधायला मेव्हन किंवा ग्रेडल, आणि कव्हरेज मोजायला बहुतेक ठिकाणी जाकोको नावाचं फुकट मिळणारं साधन.

गोम इथे आहे. साधी मांडणी केली तर जाकोको प्रत्येक मॉड्यूलचा वेगळा रिपोर्ट देतो, आणि त्या मॉड्यूलच्या स्वतःच्या टेस्टनी स्वतःचा किती कोड चालवला, एवढंच त्यात मोजतो. त्यातून काय होतं, एक काल्पनिक हिशेब करून बघा.

लॉगिन: १००० ओळी, ९०० चालल्या, ९० टक्के.
फॉर्म: १००० ओळी, ७०० चालल्या, ७० टक्के.
पैसे भरणे: ३००० ओळी, टेस्ट एकही नाही.

मीटिंगमध्ये काय सांगितलं जातं? ९० आणि ७० ची सरासरी, ८० टक्के. तिसऱ्याचं काय? टेस्टच नाहीत म्हणून मोजणीची फाइल तयार होत नाही, फाइल नाही म्हणून जाकोको ते मॉड्यूल सरळ सोडून देतो आणि पुढे जातो. शून्य मिळालेला पोरगा गुणपत्रिकेत नापास दिसत नाही, हजेरीतूनच गायब होतो. खरा हिशेब ५००० पैकी १६०० ओळी, म्हणजे ३२ टक्के. आणि पैसे ज्या भागातून जातात तोच भाग कोरा.

दुसरी गंमत याहून वाईट. लॉगिनपासून पावतीपर्यंत सगळी साखळी तपासणाऱ्या टेस्ट बहुतेक वेळा एका वेगळ्या मॉड्यूलमध्ये ठेवतात. त्यात फक्त टेस्ट असतात, बाकी कोड नसतो. त्या टेस्ट इतर मॉड्यूलचा भरपूर कोड चालवतात, पण वेगवेगळ्या रिपोर्टांत ते कोणाच्याच खात्यात जमा होत नाही. ज्याने जोड तपासला त्याच्या नावावर भोपळा! मग डेडलाइन आली की कात्री कुठे लागते? या टेस्ट चालायला वेळ घेतात आणि आकडाही वाढवत नाहीत, म्हणून पहिला बळी त्यांचाच. चुकीचा रिपोर्ट नुसती दिशाभूल करून थांबत नाही. जोड तपासायचं काम तोट्याचं ठरवून टीमला ते सोडायला शिकवतो.

यावर उपाय नवा नाही, महागही नाही. जाकोकोमध्ये २०१६ पासून, ०.७.७ आवृत्तीत, सगळ्या मॉड्यूलचा एकत्रित रिपोर्ट काढायची सोय आहे. मेव्हनमध्ये त्यासाठी शक्यतो एक वेगळं मॉड्यूल करायचं आणि बाकी सगळी मॉड्यूल त्यावर नोंदवायची. ज्याची नोंद नाही ते रिपोर्टात येत नाही, म्हणून नवं मॉड्यूल आलं की यादी तपासायची. ग्रेडलमध्येही ७.४ पासून तयार प्लगइन आहे. एक पथ्य मात्र पाळायचं: टेस्ट आणि रिपोर्ट दोन्ही एकाच बिल्डमधून काढायचे. क्लास फाइल बदलली तर जाकोकोला मोजणी जुळवता येत नाही आणि चाललेला कोडही न चाललेला दिसतो.

काही मित्र म्हणतील, टक्केवारीचा एवढा सोस कशाला? ओळ चालली म्हणजे बरोबर चालली असं थोडंच आहे? अगदी मान्य. उत्तर न तपासणारी टेस्ट लिहूनही आकडा फुगवता येतो. ९५ टक्के म्हणजे दर्जाची हमी नव्हे. पण कव्हरेजचा उपयोग उलट्या बाजूने आहे. जी ओळ एकदाही चालली नाही, तिच्याबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही, हे तो खात्रीने सांगतो. ती कोरी जागा लपली तर रिपोर्टाला अर्थ काय राहिला?

हा प्रश्न फक्त इंजिनिअरांचा नाही. २०१७ साल आठवा. मुंबई विद्यापीठाने एकाच फटक्यात ४७७ परीक्षांच्या उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या. कुलपती म्हणून राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत दिली, तीही उलटली. ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुखांना पदावरून जावं लागलं. आपल्या भागातल्या कितीतरी मुलांचे पुढचे प्रवेश आणि नोकऱ्या त्यात टांगणीला लागल्या. तिथे दोष एकट्या कोडचा नव्हता. घाई होती, प्राध्यापकांची तयारी अपुरी होती. पण स्कॅनिंग, अपलोड, वाटप, गुण भरणं, निकाल लावणं अशी ती साखळी होती, आणि साखळी एकेक कडी वेगळी ओढून तपासता येत नाही. पूर्ण भार घालून सगळी एकत्र ओढावी लागते.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. सरकारी वेबसाइट सुरू करण्याआधी सुरक्षा ऑडिट लागतं. त्याच धर्तीवर, जनतेच्या पैशातून बनणाऱ्या सॉफ्टवेअरच्या टेंडरमध्ये चार गोष्टी मागा:

१. सगळ्या मॉड्यूलचा मिळून एकच कव्हरेज रिपोर्ट. सरासरी चालणार नाही.
२. मॉड्यूलची पूर्ण यादी, शून्यवाल्यांसकट.
३. मोजणीतून काय वगळलं आणि का, ते लेखी.
४. दोन आकडे वेगळे: एकूण कव्हरेज किती, आणि त्यातलं फक्त सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाणाऱ्या टेस्टनी किती. जोडाची खबर हा दुसरा आकडा देतो.

"हे व्यावसायिक गुपित आहे" असं उत्तर मिळेल, याची खात्री बाळगा. पण मॉड्यूलचं नाव आणि टक्केवारी सांगितल्याने कोणाचा कोड चोरीला जात नाही. कोड नकोच आहे आम्हाला, हिशेब हवाय.

आणि आपल्या आयटीवाल्या मंडळींना वेगळी विनंती. उद्या ऑफिसात कोणी "८० टक्के" म्हणालं तर एवढंच विचारा: कशाचे ८० टक्के, आणि यादीत नाही ते कोण? प्रश्न विचारणारा थोडा वाईट दिसतो, पण त्या प्रोजेक्टचा बर्फीवाला होण्यापेक्षा ते बरं.

पुलाला निदान जॅक लावता आला. चुकलेला निकाल आणि हुकलेला प्रवेश कुठल्या जॅकने उचलणार?

पटलं तर पुढे पाठवा. पटलं नाही तर खाली लिहा, भांडू.